मार्चमधील थंड पाणी, ट्राउट आणि दुधनेवरचा सराव

सेलूच्या ज्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आहे, त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लहानपणापासून दुधना नदीवर गांडूळ लावून गळ टाकण्याची सवय आहे आणि मरळ, वाम, चिलापी हे मासे ओळखीचे आहेत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुटुंबासह हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात चार दिवसांचा मुक्काम ठरला आहे, आणि तिथे ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषावर, थंड डोंगरी नद्यांतला ट्राउट मासा धरण्याची इच्छा आहे. त्यासाठी एक स्पिनर, म्हणजे फिरत्या पानाचा धातूचा ल्युअर, विकत घेऊन त्यांनी डिसेंबरचे तीन रविवार दुधनेवर घालवले, पण एकही मासा लागला नाही. म्हणून त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत: मार्च योग्य आहे की सहल मेमध्ये ढकलावी, दोन हजार रुपयांत कोणते ल्युअर घ्यावेत, शिकवणारे कोणी नसताना हे तंत्र शिकता येते का, आणि लागलेला मासा परभणीपर्यंत आणता येईल का.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो आणि निवृत्तीनंतर नांदेडला राहतो. गेली सतरा वर्षे, मधली दोन-तीन वगळता, मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये मी हिमाचलात जातो. बहुतेक वेळा तीर्थनवर, कधी बरोटच्या ऊहल नदीवर, एकदा रोहडूकडच्या पब्बरवर गेलो आहे. सोबत एक साधा तापमापक आणि एक वही असते. विसर्ग आणि पातळी लिहून ठेवण्याची नोकरीतली सवय तिथेही सुटत नाही. खाली जे लिहितो ते त्या वहीच्या आधारावर लिहितो आहे.

तुमचे प्रश्न चार असले तरी खरी अडचण एकच आहे असे मला वाटते. तुम्ही आजवर ज्या माशांच्या मागे होतात ते उबदार पाण्यातले आहेत आणि आमिष दिसले की त्यावर तुटून पडतात. हंगामाच्या सुरुवातीचा ट्राउट भुकेला असला तरी धावणारा नसतो. ज्याला पाठलाग करायचा नाही अशा माशाच्या तोंडापर्यंत नकली आमिष योग्य खोलीवर आणि योग्य वेगाने कसे न्यावे, हा खरा प्रश्न आहे. कोणता ल्युअर घ्यावा हे त्यानंतर येते आणि बरेच सोपे आहे.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते आणि १ मार्चला हंगाम उघडतो. बंदीचे कारण माशाच्या विणीत आहे. तिथला मुख्य ट्राउट तपकिरी जातीचा आहे. तो मूळचा युरोपातला. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून काश्मीरमध्ये रुजला आणि १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात सोडला गेला. हा मासा शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या तोंडाला अंडी घालतो. त्यामुळे मार्चमध्ये तुम्हाला भेटणारा मोठा मासा विणीने थकलेला, हिवाळ्यात अंगावरचे खर्ची पडलेला आणि थंडीने सुस्तावलेला असतो. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्याने पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान असते. तपकिरी ट्राउट साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान सर्वांत जोमाने खातो, ७ अंशांच्या खाली त्याचे खाणे बरेच मंदावते, आणि ५ अंशांच्या पाण्यात एकदा पोटात गेलेले अन्न पचायला त्याला एक दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो. अशा माशाने वेगाने पळणाऱ्या स्पिनरमागे धावून शक्ती घालवणे त्याच्या हिशेबात बसत नाही.

हे तुम्हाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही हीच गोष्ट घडते, फक्त आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. परभणीचा पारा डिसेंबरात मराठवाड्यात सर्वांत खाली जातो हे तुम्ही दर वर्षी वर्तमानपत्रात वाचता. त्याच दिवसांत पहाटे साडेसहाला दुधनेवर जाऊन तुम्ही स्पिनर ओढलात. पौषातल्या थंडीत मरळ गवताच्या मुळाशी निपचित पडून असतो आणि ऊन चांगले चढल्यावर काठाच्या उथळ पाण्याकडे सरकतो. भोई समाजातल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. तुमच्या तीन रिकाम्या रविवारांचा अर्थ हात चुकला असा लावू नका. वेळ चुकली होती, आणि स्पिनर वेगाने ओढला जात होता असा माझा अंदाज आहे, कारण नवशिका माणूस नेहमीच वेगाने ओढतो. मीही तेच केले होते. पहिल्या वर्षी तीर्थनकाठच्या गुशैणीजवळ तीन दिवस एकही मासा न लागता मी काठावर उभा होतो, तेव्हा पुलावरून माझ्याकडे बघत बसलेला शाळकरी मुलगा शेवटी न राहवून म्हणाला, "अंकल, इतनी जल्दी क्या है?" त्या एका वाक्यात जे होते ते मला तोवर पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंत सापडले नव्हते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी मान्य करतो. त्या हिवाळ्यात वरच्या डोंगरांवर बर्फ किती पडला, तुमच्या चार दिवसांत पश्चिमी विक्षोभ येतो की नाही, आणि ऊन कितपत पडते, यांवर सगळे ठरते आणि यातले काहीही आधीपासून सांगता येत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला आलेल्या गव्हा-हरभऱ्यावर गारपीट होते, तेव्हाही पुष्कळदा त्यामागे उत्तरेकडच्या याच विक्षोभांचा हात असतो. तिकडे त्याचा अर्थ खाली पाऊस आणि वर बर्फ असा होतो. नदी एका रात्रीत गढूळ आणि आणखी थंड होते आणि एक-दोन दिवस काहीच लागत नाही. चारपैकी दोन दिवस असे जाऊ शकतात, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

हवामान नेहमीसारखे असेल तर मार्चच्या पूर्वार्धातील तीर्थन साधारण अशी असते. पाणी कमी आणि काचेसारखे स्वच्छ असते, कारण उंचावरचा बर्फ अजून फारसा वितळू लागलेला नसतो. माझ्या वहीत या दिवसांतले सकाळी आठचे तापमान बहुधा ५ ते ६ अंश आहे आणि दुपारी दोनच्या सुमारास ८ ते ९ अंश. हा तीन अंशांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण माशाच्या दृष्टीने तो झोप आणि जाग यांमधला आहे. त्या वहीतले मार्चमधले बहुतेक मासे सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन या वेळेतले आहेत. म्हणून भल्या पहाटे नदीवर जाण्याची आपली सवय तिथे सोडावी लागेल. सकाळी कुटुंबाबरोबर नाश्ता करून, निवांत चालत अकराच्या सुमारास नदीवर पोहोचलात तरी तुमचे काहीही बुडणार नाही. मात्र सलग तीन-चार दिवस कडक ऊन पडले, तर दुपारी वितळलेल्या बर्फाचे पाणी काही तासांनी खाली पोहोचते, पातळी बोटभर-चारबोट वाढते, तापमान उतरते आणि पाण्यावर किंचित दुधट झाक येते. असे दिसले की त्या दिवसाचे काम संपले असे समजावे.

मे की मार्च, या प्रश्नाचे माझे उत्तर मार्च असे आहे, पण ते अधिक मासे मिळतील म्हणून नव्हे. एप्रिलच्या मध्यापासून बर्फाचे पाणी जोरात येऊ लागते. मेमध्ये नदी फुगलेली आणि वेगवान असते, नवख्याला तिच्यात काय चालले आहे ते दिसत नाही, आणि पर्यटकांची गर्दी वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा गढूळपणा असतो. केवळ माशांचा विचार केला तर सप्टेंबर-ऑक्टोबर हा सर्वांत चांगला काळ आहे, हे मी लपवत नाही. परंतु मार्चमध्ये पाणी उतरलेले असल्याने नदीचा तळ, दगड, डोह, सगळे उघडे दिसते. आपल्या भाषेत सांगायचे तर उन्हाळ्यात रिकाम्या झालेल्या तलावात फिरून आल्यावर पावसाळ्यात मासे कुठे बसतील ते जसे कळते, तसेच. मार्चमधल्या चार दिवसांत तुम्हाला एक-दोन ट्राउट लागले तर ते यश आहे. नदी वाचायला शिकलात तर ते त्याहून मोठे आहे आणि पुढच्या प्रत्येक सहलीला उपयोगी पडेल.

नदीत मासा कुठे असेल, याचा एकच नियम लक्षात ठेवा: कमीत कमी श्रमात जिथे अन्न तोंडाशी येते तिथे. उन्हाळ्यात ट्राउट खळाळत्या पाण्यातही उभा राहतो, पण मार्चमध्ये तो वेगाला टाळतो. डोहाचा खोल मधला भाग, मोठ्या दगडाच्या मागचे शांत पाणी, काठाच्या कपारीखालची जागा, आणि विशेषतः जोरदार धार व संथ पाणी यांची जिथे सीमा दिसते ती रेघ, या त्याच्या जागा आहेत. त्या सीमेवर फेसाचे बुडबुडे सरळ ओळीत वाहत जाताना दिसतात. बुडबुडे जिथून जातात तिथूनच किडे-अळ्याही वाहत जातात, म्हणून मासा त्या रेघेच्या संथ बाजूला, तळाशी, डोके प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून उभा असतो. बुडबुडे हळू चालण्याच्या वेगाने जात असतील तर ती जागा मार्चची आहे. धावत जाऊन गाठावे लागतील इतके वेगात जात असतील तर पुढे चला.

डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी उथळ होऊन बारीक स्वच्छ खडीवरून वाहते, तिथे मात्र पाय ठेवू नका. ट्राउटची अंडी अशाच खडीत पुरलेली असतात. अंडी उबण्याचा हिशेब तापमान आणि दिवस यांच्या गुणाकारावर चालतो: साधारण ४४० अंश-दिवस लागतात, म्हणजे पाणी ५ अंश असेल तर सुमारे ८५ ते ९० दिवस. त्यानंतरही पिल्ले पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत काही आठवडे खडीतच राहतात. डिसेंबरात घातलेल्या अंड्यांचा हिशेब केलात तर तुम्ही तिथे असाल तेव्हा पिल्ले तुमच्या बुटाखाली असण्याचीच शक्यता अधिक. हंगाम कायद्याने उघडला म्हणून ती खडी मोकळी झाली असे होत नाही. आपल्याकडे पिल्लांचा थवा राखणाऱ्या मरळाला जाणता माणूस छेडत नाही, तसेच हे आहे.

आता ल्युअरकडे वळतो. स्पिनर म्हणजे एका तारेभोवती गरगर फिरणारे धातूचे पान, त्यामागे वजनाचा मणी आणि शेवटी गळ. पान फिरले की पाण्यात कंप निर्माण होतो आणि चमक दिसते; मासा कंप अंगाने ओळखतो आणि चमक डोळ्यांनी पाहतो. पान फिरत नसेल तर तो तारेला बांधलेला लोखंडाचा तुकडा आहे, आणि नवशिक्याचा स्पिनर निम्मा वेळ फिरतच नसतो हे त्याला ठाऊक नसते. स्पिनर पाण्यात पडल्यावर रॉडच्या टोकाने एक छोटा झटका देऊन पान सुरू करावे लागते आणि त्यानंतर ते फिरत राहील इतक्याच, त्याहून अधिक नाही अशा, वेगाने तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळावा लागतो. हा सर्वांत कमी वेग सापडणे म्हणजे मार्चमधील निम्मे शिक्षण होय.

पानाचा आकार इथे महत्त्वाचा ठरतो. रुंद, गोलसर पान तारेपासून जास्त बाहेर उघडते, पाण्याला अधिक अडते, म्हणून अगदी कमी वेगातही फिरते, पण त्याच कारणाने वर उचलले जाते. लांबट, विलोच्या पानासारखे पान तारेला चिकटून फिरते, त्याला वेग जास्त लागतो, पण ते खोल राहते आणि जोराच्या धारेतही वर येत नाही. संथ डोहात रुंद पान आणि धारेत लांबट पान, एवढे समजले तरी पुरे. रंगाविषयी लोक तासन् तास वाद घालतात. माझ्या मते थंड पाण्यात खोली पहिली, वेग दुसरा आणि रंग फार मागून तिसरा. स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर मी तांब्याच्या किंवा मंद सोनेरी रंगाचे पान लावतो, आभाळ भरले असेल तर चांदीचे, आणि याचा मला काही ठाम पुरावा देता येणार नाही.

फेकण्याची दिशा ही दुसरी गोष्ट. पलीकडच्या काठाकडे, प्रवाहाच्या किंचित वरच्या बाजूला फेका. स्पिनर वाहत खाली येत असतानाच खोल जाऊ द्या, तंगूस सैल पडणार नाही इतकेच गुंडाळत राहा, आणि तो तुमच्या समोरून पुढे गेला की गुंडाळणे जवळजवळ थांबवून धारेलाच त्याला काठाकडे वळवू द्या. धार स्वतःच पान फिरवते. हा वळसा पूर्ण होताना, स्पिनर संथ पाण्यात शिरतो त्या क्षणी, मासा लागण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि नेमका त्याच क्षणी उतावळा माणूस पुढच्या फेकीसाठी वेगाने गुंडाळू लागतो. वळसा संपल्यावर मनात पाच अंक मोजा आणि मगच ओढा. थंड पाण्यात मासा झटका देत नाही. कंप अचानक थांबला, किंवा ओले फडके अडकल्यासारखे जड वाटले, तर मनगट उचला. दहापैकी सात वेळा तो दगड असेल. तळाला अधूनमधून लागत नसेल तर तुम्ही पुरेसे खोल नाही, म्हणून पाच-सहा ल्युअर गमावण्याची तयारी ठेवूनच जावे.

एकाच डोहावर पन्नास फेका मारण्यात अर्थ नाही, पण मार्चमध्ये दोन फेकांनंतर पुढे पळणेही चूक आहे. मी एका रेघेवर दहा-बारा फेका करतो, दर दोन फेकांनंतर एक अंक अधिक मोजून ल्युअर खोल सोडतो, आणि उथळ भागापासून खोल भागाकडे जातो. पाणी इतके स्वच्छ असते की तुमची सावली डोहावर पडली तर तो डोह तासभर विसरावा लागतो. दगडामागे गुडघे टेकून फेकणे तिथे हास्यास्पद मानले जात नाही.

शिक्षक नसताना हे शिकता येईल का, याचे उत्तर होय असे आहे, आणि त्यासाठी दुधना पुरेशी आहे. तुमच्याकडे दोन महिने आहेत. पहिले पंधरा दिवस नदीवर जाऊच नका. स्पिनरचा गळ पक्कडीने कापून टाका आणि अंगणात किंवा मोकळ्या खळ्यावर ८, १२ आणि १५ मीटरवर तीन घमेली ठेवून फेका. ताकद लावून लांब फेकण्याची गरज नाही. तीर्थनची रुंदी पुष्कळ ठिकाणी आपल्या गावच्या मोठ्या ओढ्याएवढीच असते. दहापैकी सहा फेका घमेल्यात किंवा हातभर अंतरात पडू लागल्या की पुढे जा.

त्यानंतर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर गाठा. पाण्याची खोली किती आहे ते त्यालाच विचारा, दोरीला दगड बांधून खात्री करा आणि मग प्रत्येक ल्युअर सैल तंगुसावर सोडून तळाला टेकेपर्यंत अंक मोजा. तंगूस ढिला पडला की ल्युअर टेकला. माझ्या मोजणीत ४-५ ग्रॅमचा स्पिनर सेकंदाला साधारण दीड फूट उतरतो आणि तेवढ्याच वजनाचा अरुंद, जाड पत्र्याचा स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचा ल्युअर, त्याहून लवकर. आकडा तुमचा तुम्ही काढा आणि डबीवर लिहून ठेवा. वाहत्या पाण्यात तो तंतोतंत लागू पडत नाही, पण खोलीचा अंदाज हातात येतो. हा प्रयोग शेततळ्यावर करू नका. प्लास्टिकच्या अस्तरात गळ अडकला तर शेतकऱ्याचे नुकसान होते, आणि त्या ओल्या अस्तरावरून घसरलेला माणूस पोहणारा असला तरी त्याला वर येता येत नाही.

तिसरी पायरी वाहत्या पाण्याची. बरगे टाकलेल्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फटींतून पाणी पाझरत असते आणि खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात एक छोटी धार, तिच्या शेजारी संथ पाणी आणि मधे बुडबुड्यांची रेघ तयार होते. आकाराने लहान असली तरी ती तीर्थनचीच प्रतिकृती आहे. तिथे वर सांगितलेला वळसा घालून पाहा. डोळे मिटून रॉडच्या टोकातून पानाचा कंप ओळखायला शिका. वेग कमी करत करत कंप कोणत्या क्षणी थांबतो ते पाहा आणि त्याच्या किंचित वर राहा. मासा लागणे हा या सरावाचा उद्देशच नाही, पण फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी एखादा मरळ लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही. सरावासाठी कालव्यावर जाऊ नका. आवर्तन सुरू असताना कालव्याच्या अस्तरावरून घसरलेली माणसे मी नोकरीत पाहिली आहेत. नाथसागरावरही नको, कारण ते पक्षी अभयारण्य आहे.

इथवरचे सांगणे एका ओळीत आणायचे तर: दुपारी जा, संथ रेघ शोधा, खोल सोडा, हळू ओढा, वळशाच्या शेवटी थांबा.

दोन हजारांचा हिशेब मी असा करीन. रुंद पानाचे ३ ते ५ ग्रॅमचे चार स्पिनर, लांबट पानाचे दोन, ५ ग्रॅमच्या आसपासचे दोन स्पून, आणि दोन इंचांचा, हळूहळू बुडणारा एक प्लास्टिकचा मासा. उरलेल्या पैशांत ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचा चांगला तंगूस घ्या आणि स्विव्हल नावाच्या फिरत्या कड्यांचे पाकीट. ही कडी ल्युअरच्या हातभर वर बांधली नाही तर फिरणाऱ्या पानामुळे तंगुसाला पीळ पडतो आणि दुसऱ्या दिवशी रीलवर पक्ष्याचे घरटे तयार होते. रॉड हलका, सहा ते सात फुटांचा असावा. मरळासाठीचा जाड रॉड ४ ग्रॅमचे वजन फेकूच शकत नाही, आणि हेही तुमच्या तीन रविवारांचे एक कारण असू शकेल. चार तुकड्यांत मोडणारा रॉड मिळाला तर परभणीहून सचखंड एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत नेताना डोकेदुखी होत नाही. तीन तोंडांचा गळ काढून एकतोंडी लावा आणि त्याची उलटी टोचणी पक्कडीने दाबून टाका. मासा सोडणे सोपे जाते, आणि स्वतःच्या बोटातून काढणेही.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. किती मासे ठेवता येतात, किमान लांबी किती आणि कोणत्या टप्प्यात मासेमारी चालते, हे नियम परवाना घेतानाच विचारून घ्या आणि तेच पाळा. राहण्याच्या ठिकाणचे लोक यात मदत करतात. नदीत शिरताना तळव्याला नमद्याचा (फेल्टचा) थर असलेले बूट आणि हातात काठी हवी, आणि मार्चमध्ये गुडघ्याच्या वर पाणी नको. ५ अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास आधी अडकतो, हातपाय हलवण्याची वेळ नंतर येते. तीर्थनवर मोठे धरण नाही, पण ती लारजीला बियासला मिळते आणि तिथून खालचे पाणी वीजप्रकल्पांच्या दारांवर अवलंबून असते. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात, थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाच्या दाराजवळ आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, कोरडे दिसणारे पात्र कोरडे राहीलच असे नसते. औटजवळ बस थांबली आणि बियासचा काठ मोहक वाटला, तरी मुलांना घेऊन खाली उतरू नका.

राहिला मासा परभणीला आणण्याचा प्रश्न. दीड-दोन दिवसांच्या प्रवासात बर्फात ठेवलेला ट्राउट मऊ पडतो आणि त्याची चव जाते, म्हणून तो विचार सोडा. विणीतून नुकताच सावरणारा मार्चमधला नदीतला मासा तसाही अंगाने सडपातळ आणि खायला सुमार असतो. मी तो हात ओले करून, पाण्यातच धरून सोडून देतो. घरच्यांना ट्राउट खाऊ घालायचा असेल तर बंजारजवळ हामणीला सरकारी ट्राउट फार्म आहे आणि खोऱ्यात खाजगी टाक्याही पुष्कळ आहेत. तिथला मासा बहुधा इंद्रधनुषी जातीचा असतो, तो वसंतातही भरलेला असतो. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारून घ्या, कारण रोज मासा मिळतोच असे नाही. मोहरीच्या तेलात तळण्यापूर्वी त्याला आपला काळा मसाला चोळून पाहा. एकदा मी तिथल्या स्वयंपाक्याला डबीभर देऊन आलो होतो आणि पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्याने खोलीची किल्ली देण्याआधी त्या मसाल्याचीच चौकशी केली होती.